वाळूचे छायाचित्र आणि रिकामेपणाचा प्रश्न : एडवर्ड वेस्टनच्या ओशियानो मालिकेचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

निसर्गछायाचित्रणात वाळूइतका साधा आणि वाळूइतका फसवा विषय दुसरा नाही. समुद्रकिनाऱ्यावरील पुळण किंवा वाळवंटातील वालुकागिरी यांचे छायाचित्र पाहताना प्रेक्षकाच्या मनात प्रथम दोन शब्द येतात : 'शांत' आणि 'निर्मनुष्य'. हे दोन्ही शब्द वाळूचे वर्णन करतात की छायाचित्रकाराच्या निवडीचे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) याने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओशियानो येथे काढलेली वाळूच्या टेकड्यांची छायाचित्रे ही विसाव्या शतकातील छायाचित्रकलेची मानदंड ठरलेली निर्मिती होय. या मालिकेबद्दल दोन परस्परविरोधी मते रूढ आहेत. रूपवादी समीक्षेने तिला 'शुद्ध आकृतीचा' व 'कालातीत सौंदर्याचा' आविष्कार म्हणून गौरविले. समाजाभिमुख समीक्षेने महामंदीच्या काळात माणसाकडे पाठ फिरविणारी कला म्हणून तिच्यावर आक्षेप घेतला.

प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची तपासणी केली आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, दोन्ही पक्ष एकाच गृहीतकावर उभे आहेत. ते म्हणजे ओशियानोची वाळू रिकामी होती आणि वेस्टनने ती आहे तशी टिपली. वस्तुतः रिकामेपणा हा त्या वाळूचा गुण नव्हता. तो चौकटीचा निर्णय होता. हा निर्णय ओळखल्याशिवाय मालिकेचे खरे सामर्थ्यही कळत नाही आणि तिची खरी उणीवही.

वाळू : छायाचित्रणाचा विषय म्हणून

वेस्टनच्या कामगिरीचे मोल समजण्यासाठी या विषयाची तांत्रिक अडचण प्रथम लक्षात घेतली पाहिजे. वाळूला स्वतःचा निश्चित आकार नसतो. तिचा आकार प्रकाश दाखवितो. सूर्य डोक्यावर असताना टेकडीचे सर्व उतार सारखेच उजळतात आणि चित्र सपाट होते. सूर्य क्षितिजाजवळ असतानाच प्रकाश तिरपा पडतो. मग वाऱ्याने उमटविलेली बोटभर उंचीची प्रत्येक वळी आपली सावली टाकते आणि पृष्ठभागाला पोत येतो. त्यामुळे वाळूच्या छायाचित्रणाला सकाळ-संध्याकाळचे मोजके तासच उपयोगी पडतात.

दुसरी अडचण प्रकाशमापनाची. प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. फिकट वाळू त्याहून बरीच उजळ असल्याने मापकाचे आकडे जसेच्या तसे पाळले, तर वाळू मळकट उतरते. एक्स्पोजर वाढवावे, तर उजळ उतारावरील बारीक पोत पुसला जातो. उन्हातील उजळपणा आणि सावलीतील काळोख या दोहोंत तपशील राखणे ही वाळूच्या छायाचित्रातील खरी परीक्षा होय. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास छटांच्या नियंत्रणाची 'झोन पद्धती' मांडली, ती याच स्वरूपाच्या अडचणींना शोधलेले उत्तर होते. वेस्टनने मालिका काढली तेव्हा ही पद्धती सूत्रबद्ध झालेली नव्हती. त्याचा आधार अनुभव हाच होता.

तिसरी अडचण प्रमाणाची. वाळूच्या चित्रात झाड, घर वा माणूस नसेल, तर समोरचा उतार दहा फुटांचा की शंभर फुटांचा हे कळत नाही. सामान्य छायाचित्रकार ही उणीव मानून चित्रात एखादी आकृती उभी करतो. वेस्टनने या अनिश्चिततेलाच आपल्या रचनेचे साधन बनविले.

ओशियानो मालिकेची रूपरचना

वेस्टन हा १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात स्थापन झालेल्या 'एफ/६४' या गटाचा प्रमुख सदस्य होता. गटाचे नावच भिंगाच्या अत्यंत लहान छिद्रावरून घेतलेले होते. अशा छिद्रामुळे जवळच्या वस्तूपासून दूरच्या वस्तूपर्यंत सर्व काही स्पष्ट उतरते. चित्रकलेचे अनुकरण करणारी धूसर, मृदू छायाचित्रे त्या काळी प्रतिष्ठित होती. त्यांना नकार देऊन कॅमेऱ्याच्या स्वतःच्या शक्तीवर विश्वास ठेवणे ही या गटाची भूमिका होती. वेस्टन आठ बाय दहा इंचांच्या मोठ्या कॅमेऱ्याने काम करीत असे आणि निगेटिव्ह मोठी न करता थेट कागदावर ठेवून त्याच आकाराची प्रत काढीत असे. चित्राची चौकट छायाचित्रणाच्या क्षणीच अंतिम ठरावी, अंधाऱ्या खोलीत तिच्यात बदल करू नये, हा त्याचा आग्रह होता.

ओशियानो मालिकेत हा आग्रह पूर्णत्वास गेलेला दिसतो. या चित्रांची घडण थोडक्यात अशी सांगता येईल : खाली वाऱ्याच्या वळ्यांनी भरलेला पृष्ठभाग, मध्ये उन्हाने उजळलेला उतार, त्यावर सुरीच्या पात्यासारखी धारदार शिखररेषा आणि तिच्या पलीकडे जवळजवळ काळीभोर सावली. आकाश अनेकदा वगळलेले, किंवा वरच्या कडेला अरुंद पट्टीपुरते. क्षितिज नाहीसे झाल्याने खोलीचे भान सुटते. डोळा चित्राकडे कधी दूरच्या डोंगररांगेसारखे पाहतो, कधी चुण्या पडलेल्या वस्त्रासारखे, तर कधी मानवी देहाच्या वळणासारखे. १९३० मधील त्याच्या प्रसिद्ध ढोबळ्या मिरचीच्या छायाचित्रातही हीच प्रक्रिया आहे. वस्तू तीच राहते, परंतु तिची ओळख काही क्षण स्थगित होते.

देहाचे हे सूचन योगायोगाने आलेले नाही. त्याच वर्षी, त्याच वाळूवर वेस्टनने कॅरिस विल्सन हिची विवस्त्र छायाचित्रे काढली. ती पुढे त्याची पत्नी झाली. तिने त्याच्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीच्या अर्जलेखनात महत्त्वाचा वाटा उचलला आणि १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅलिफोर्निया अँड द वेस्ट' या ग्रंथाचा मजकूरही तिचाच आहे. ओशियानोच्या एका सुप्रसिद्ध चित्रात ती वाळूवर पालथी पडलेली असून तिचा चेहरा दिसत नाही. येथे चौकटीत माणूस आहे खरा. तथापि तोही आकृती म्हणूनच आला आहे. ज्या स्त्रीच्या लेखणीने त्या प्रवासांना शब्द दिले, ती वाळूच्या चित्रात चेहऱ्याविना आहे, ही नोंद पुढील विवेचनासाठी महत्त्वाची ठरते.

चौकटीबाहेरचे ओशियानो

आता चौकटीबाहेर काय होते ते पाहिले पाहिजे. ओशियानोच्या टेकड्या हा ग्वादलूप-निपोमो या सुमारे अठरा मैल लांबीच्या वालुकापट्ट्याचा भाग आहे. हा प्रदेश चुमाश या मूळ रहिवाशांच्या पारंपरिक भूमीत मोडतो. १९२३ मध्ये सेसिल बी. डीमिल याने 'द टेन कमांडमेंट्स' या मूकपटासाठी याच पट्ट्यात ग्वादलूपजवळ प्राचीन इजिप्तचे प्रचंड नेपथ्य उभारले आणि चित्रीकरण संपल्यावर ते वाळूत गाडून टाकले. २०१० नंतरच्या उत्खननांत त्या नेपथ्यातील प्लास्टरच्या स्फिंक्सचे भाग बाहेर काढण्यात आले. म्हणजे वेस्टन ओशियानोत काम करीत होता, तेव्हा त्याच पट्ट्याच्या दक्षिण भागात एक खोटे इजिप्त वाळूखाली पडून होते.

याहून महत्त्वाची बाब वस्तीची आहे. १९२० ते १९४० च्या दशकांत या टेकड्यांमध्ये 'ड्यूनाइट' नावाने ओळखला जाणारा एक समुदाय राहत होता. कवी, चित्रकार, गूढवादी, ज्योतिषी आणि एकांतप्रिय अशा अनेकांनी तेथे लहान खोपटी बांधली होती. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांचा नातू गॅव्हिन आर्थर याने तेथे 'मॉय मेल' नावाची वसाहत उभी केली आणि १९३४ च्या सुमारास 'ड्यून फोरम' हे नियतकालिकही चालविले. ज्या वाळूवर एक नियतकालिक निघत होते, ती वाळू निर्मनुष्य म्हणता येणार नाही. परंतु वेस्टनच्या वालुकाचित्रांत खोपटे नाही, पायवाट नाही आणि पाऊलखूणही नाही. पाऊलखूण नसण्यासाठी कॅमेरा कोठे उभा करावा, कोणत्या उतारावर पाय ठेवू नये आणि कोणत्या वेळी पोहोचावे, याची दक्षता घ्यावी लागते. निर्मनुष्यता ही येथे परिश्रमाने साधलेली आहे.

१९३६ : तीन छायाचित्रे

समाजाभिमुख आक्षेपाचे बळ त्या एका वर्षाकडे पाहिले की ध्यानात येते. एप्रिल १९३६ मध्ये आर्थर रॉथस्टाईन याने ओक्लाहोमा राज्यातील सिमॅरॉन परगण्यात धुळीच्या वादळात सापडलेल्या एका शेतकऱ्याचे व त्याच्या दोन मुलांचे छायाचित्र काढले. वाऱ्याने उडालेल्या मातीत अर्धवट बुडालेली खोली, वाकून चालणारा बाप आणि मागे पडलेला, हाताने डोळे झाकणारा लहान मुलगा हे चित्र 'डस्ट बोल' या आपत्तीची ओळख बनले. गवताळ मैदाने गव्हासाठी नांगरली गेली होती. १९३० च्या दशकातील अवर्षणात तीच जमीन वाऱ्याबरोबर उडाली. १४ एप्रिल १९३५ चे वादळ 'काळा रविवार' म्हणून इतिहासात नोंदले गेले आहे.

त्याच वर्षाच्या आरंभी, मार्चच्या सुमारास, डोरोथिया लँग हिने वाटाणातोडणी मजुरांच्या छावणीत एका स्थलांतरित मातेचे छायाचित्र काढले. 'मायग्रंट मदर' या नावाने ते जगप्रसिद्ध झाले. ही छावणी निपोमो येथे होती. निपोमो आणि ओशियानो ही दोन्ही गावे सॅन लुइस ओबिस्पो या एकाच परगण्यात, काही मैलांच्या अंतरावर आहेत. लँगची छावणी आणि वेस्टनच्या टेकड्या एकाच समुद्रवाऱ्याच्या वाटेवर होत्या.

या पार्श्वभूमीवर, जग मोडकळीस आले असताना वेस्टन आणि ॲडम्स दगडधोंड्यांची छायाचित्रे काढीत बसले आहेत, अशा आशयाचा शेरा आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या नावावर सांगितला जातो, त्याचे नवल वाटत नाही. 'एफ/६४' गटातही हा प्रश्न उभा राहिला होता. गटाचा संस्थापक-सदस्य विलर्ड व्हॅन डाइक याने स्थिरचित्रण सोडून माहितीपटाची वाट धरली आणि जमिनीची धूप व पूर यांवरील 'द रिव्हर' (१९३७) या माहितीपटाचे छायालेखन करणाऱ्यांत त्याचा समावेश होता.

दस्तऐवज आणि कलाकृती : भेदाची तपासणी

तथापि वेस्टनचे चित्र म्हणजे कला आणि रॉथस्टाईन-लँग यांचे चित्र म्हणजे वास्तव, अशी वाटणी केली तर समीक्षा सोपी होते, पण खरी राहत नाही. रॉथस्टाईन आणि लँग हे दोघेही शासनाच्या पुनर्वसन विभागासाठी काम करीत होते. ग्रामीण दुरवस्था देशाला दाखवून मदतीच्या धोरणाला पाठिंबा मिळविणे हे त्या प्रकल्पाचे उद्दिष्ट होते. रॉथस्टाईनने १९३६ मध्येच साउथ डकोटात एका गुराची कवटी हलवून निरनिराळ्या ठिकाणी ठेवून छायाचित्रे काढली आणि त्यावरून वृत्तपत्रांत मोठा वाद झाला. वादळाच्या चित्रातही शेतकरी व मुलगा यांना काही सूचना दिल्या गेल्या होत्या, असे समीक्षकांनी रॉथस्टाईनच्याच नंतरच्या लेखनाच्या आधारे दाखविले आहे. पुढे त्याने याबाबत निराळेही सांगितले. लँगच्या चित्रातील एका कडेला आलेला अंगठा पुढे निगेटिव्हवर पुसट करण्यात आला. शिवाय त्या चित्रातील स्त्री, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, ही मूळची ओक्लाहोमाची असली तरी डस्ट बोलच्या आधीच, १९२० च्या दशकात, कॅलिफोर्नियात आलेली होती. तिचे नाव जगाला १९७८ मध्ये कळले. चाळीसहून अधिक वर्षे ती 'माता' या प्रकारात जमा होती.

येथे एक विलक्षण उलट दिसते. ज्याने माणूस वगळला, त्या वेस्टनने वाळूला हात लावला नाही आणि चित्रातही फेरफार केला नाही. ज्यांनी माणूस दाखविला, त्यांनी रचना केली, सूचना दिल्या, क्वचित पुसलेही. याचा अर्थ रॉथस्टाईन किंवा लँग खोटे होते असा नव्हे. धूळ खरी होती, उपासमार खरी होती आणि लँगची चित्रे वृत्तपत्रात आल्यावर छावणीकडे अन्न पाठविण्यात आले, हेही खरे आहे. अर्थ इतकाच की 'रचलेले' आणि 'घडलेले' हा भेद प्रामाणिकपणाची कसोटी म्हणून अपुरा आहे. चौकटीत काय ठेवले याबरोबरच चौकटीतून काय काढले याचाही हिशेब मागावा लागतो. तो हिशेब तिघांकडेही मागितला पाहिजे.

वाळूतील काळ

रूपवादी समीक्षेच्या 'कालातीत' या विशेषणाचीही अशीच तपासणी आवश्यक आहे. ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅगनॉल्ड याने १९३० च्या दशकात लिबियाच्या वाळवंटातील भ्रमंती आणि वातबोगद्यातील प्रयोग यांच्या आधारे वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूचे शास्त्र मांडले. त्याचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाळूचे कण मुख्यतः उड्या मारीत पुढे सरकतात. पडणारा कण इतर कणांना आघात देऊन उडवितो. वाऱ्याच्या दिशेला काटकोनात वळ्या उमटतात. टेकडीचा वाऱ्याकडील उतार मंद राहतो. विरुद्ध बाजूचा उतार सुमारे तीस ते चौतीस अंशांचा होताच वाळू घसरू लागते. वेस्टनच्या चित्रांतील ती सुरीसारखी शिखररेषा म्हणजे या दोन उतारांची सीमा होय.

हे लक्षात घेतल्यावर ती चित्रे निराळी दिसू लागतात. वळ्यांवरून वारा कोठून वाहिला हे सांगता येते. सावलीच्या लांबीवरून सूर्याची उंची कळते. धारदार शिखर नुकत्याच वाहिलेल्या वाऱ्याची साक्ष देते. दुसऱ्या दिवशी तेच चित्र पुन्हा काढता आले नसते. ज्याला 'कालातीत' म्हटले गेले, ते वस्तुतः एका विशिष्ट दिवसाच्या विशिष्ट तासाचे अत्यंत अचूक टिपण आहे. वेस्टनचे सामर्थ्य येथेच आहे. रॉथस्टाईनच्या चित्रात वाळू हे केवळ संकट आहे. ती कशी वागते हे त्यातून कळत नाही. वेस्टनच्या चित्रात वाळू स्वतःच्या नियमांनी घडताना दिसते. या अर्थी ओशियानो मालिका हाही दस्तऐवजच आहे आणि तिला 'अमूर्त' म्हणून गौरविणाऱ्यांनीच तिच्यातील ज्ञान झाकले आहे.

रिकामेपणाचे परिणाम

मग प्रश्न उरतो तो उणिवेचा. वाळूला रिकामी दाखविण्याने बिघडते काय? या प्रश्नाचे उत्तर ओशियानोच्याच पुढील इतिहासात सापडते. नंतर या टेकड्यांचा मोठा भाग राज्याच्या अखत्यारीत वाहनविहाराचे क्षेत्र म्हणून वापरला जाऊ लागला. वाहनांच्या वर्दळीने वाळूवरील वनस्पती आणि घट्ट झालेला पृष्ठभाग मोडतो. उड्या मारणारे जाड कण टेकडीवरच राहतात, पण त्यांच्या आघाताने सुटलेली सूक्ष्म धूळ वाऱ्यावर तरंगत अंतर्भागाकडे जाते. ती जेथे जाते ते पठार म्हणजे निपोमोचे. तेथील हवेतील धूलिकणांचे प्रमाण राज्याच्या मानकापेक्षा वारंवार अधिक आढळल्याने स्थानिक वायुनियंत्रण यंत्रणेने २०११ मध्ये धूळ रोखण्याचा नियम केला. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या किनारा आयोगाने तीन वर्षांत वाहनविहार बंद करण्याचा निर्णय घेतला आणि तो वाद न्यायालयात गेला.

१९३६ मध्ये वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी, म्हणजे वेस्टनची टेकडी, रॉथस्टाईनची धूळ आणि लँगचे निपोमो, या घटनेत एकत्र येतात. वारा एकच, तो जाड कणाची टेकडी रचतो आणि बारीक कण माणसाच्या श्वासात नेतो. या हानीचा दोष वेस्टनवर ठेवणे अर्थातच अन्यायाचे होईल. त्याने वाळूला कोणत्याही छायाचित्रकारापेक्षा अधिक आदराने वागविले. परंतु त्याच्या अनुकरणातून घडलेली दृष्टी, म्हणजे वाळू ही ओसाड, कोणाचीच नसलेली, केवळ पाहण्यासाठी किंवा खेळण्यासाठी असलेली जागा आहे ही समजूत, हिचा हिशेब समीक्षेला टाळता येत नाही. जी जागा रिकामी दिसते, ती वापरायला मोकळी वाटते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या संदर्भात

हा प्रश्न मराठी वाचकापासून दूरचा नाही. पर्यटनाच्या दिनदर्शिका आणि पत्रके यांतून कोकणची पुळण बहुधा वेस्टनच्या टेकड्यांप्रमाणेच निर्मनुष्य अवतरते. फरक इतकाच की वेस्टनची शिस्त तेथे नसते. होड्या, वाळत घातलेली मासळी, जाळी विणणारे हात हे सर्व 'अडथळे' म्हणून चौकटीबाहेर जातात. स्थानिक भाषेला मात्र वाळूची वेगळी जाण आहे. रत्नागिरीत मांडवीकडील जड, काळसर वाळूमुळे त्या बाजूला 'काळा समुद्र' म्हणतात, तर मिऱ्याकडील फिकट वाळूच्या बाजूला 'पांढरा समुद्र'. या दोन किनाऱ्यांना एकाच मापाने एक्स्पोजर देऊन चालत नाही, हे तेथे एकदा छायाचित्रण करणाऱ्यासही कळते. काळी वाळू मापकाच्या भरवशावर काढली तर ती खोटी उजळते.

वेळास येथील उदाहरण याहून बोलके आहे. तेथे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने २००२ पासून सागरी कासवांच्या अंड्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले. कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालून परतते आणि पहाटे वाळूवरील तिचा माग वाचूनच घरटे शोधले जाते. भरती चढली किंवा माणसांची वर्दळ झाली की तो माग पुसला जातो. अशा मागाचे पहाटेच्या तिरप्या प्रकाशातील छायाचित्र वेस्टनच्या कोणत्याही वळीइतकेच सुंदर असू शकते. परंतु तेथे सौंदर्य आणि माहिती यांना वेगळे करता येत नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने वालुकागिरींची गणना संवेदनशील क्षेत्रात केली आणि २०१९ च्या अधिसूचनेतही ती कायम राहिली. कायद्याला जे दिसते ते लोकांच्या नजरेला दिसावे, यासाठी वाळू ही घडण आहे, मोकळी जमीन नव्हे, असे दाखविणाऱ्या छायाचित्रांची गरज आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ओशियानो मालिकेतील रिकामेपणा हा त्या प्रदेशाचा गुण नसून छायाचित्रकाराने परिश्रमपूर्वक घेतलेला निर्णय आहे. त्या काळी तेथे वस्ती होती आणि पूर्वीच्या मानवी व्यवहाराचे अवशेषही होते.

२. या मालिकेला 'कालातीत' वा 'अमूर्त' म्हणणे हे तिचे अवमूल्यन आहे. वारा, प्रकाश आणि कण यांच्या क्रियेची अचूक नोंद हे तिचे खरे मोल होय.

३. कलात्मक आणि दस्तऐवजी छायाचित्र हा भेद वाळूच्या संदर्भात टिकत नाही. वेस्टनची चित्रे नोंदीइतकी काटेकोर आहेत आणि रॉथस्टाईन व लँग यांची चित्रे कलाकृतीइतकी रचलेली आहेत.

४. वेस्टनवरील योग्य आक्षेप 'त्याने माणसाऐवजी वाळू का काढली' हा नसून 'वाळूला माणसापासून तोडून का काढले' हा आहे. पहिला आक्षेप विषय नाकारतो; दुसरा दृष्टीची मर्यादा दाखवितो.

५. निसर्गछायाचित्रांचे अध्यापन करताना १९३६ मधील ही तीन छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवून वाचली जावीत. कला, भूगोल, इतिहास आणि पर्यावरण या विषयांच्या अध्यापकांना एकत्र काम करता येईल असे हे उदाहरण आहे.

वेस्टनच्या टेकड्या पाहून मन आजही थबकते, आणि ते थबकणे योग्यच आहे. समीक्षेचे काम तो आनंद हिरावून घेण्याचे नाही. त्या धारदार शिखररेषेच्या पलीकडे, सावलीच्या बाजूला, वारा जेथे जातो तेथे कोण राहते, एवढा प्रश्न त्या आनंदासोबत विचारला गेला, तर वाळूचे छायाचित्र पुरतेपणी पाहिले असे म्हणता येईल.